न चावणाऱ्या चपला

आमच्या वाडीतली पहिली ग्रॅज्युएट मी. हे सांगायला मला आवडतं, म्हणून सांगते. उंबरमाळीच्या अंगाला, गावाच्या कडेला आमची बौद्धांची थोडी घरं आहेत. कॉलेज शहापूरला केलं, नोकरीही तिथेच, एका ऑफिसात. पण मान वर करून चालायला मला कॉलेजने शिकवलं नाही. ते बाबांनी शिकवलं.

शाळेत असताना एकदा त्यांच्याबरोबर शेतमालकाच्या घरी गेले होते. अंगणाच्या कडेलाच मी चपला काढल्या. आमच्या बायका काढायच्या, म्हणून मीही काढल्या. बाबांनी मालकाच्या देखत मला त्या परत घालायला लावल्या. म्हणाले, "विहारात काढायच्या. कोनाच्या घरात शिरताना काढायच्या, तिथं सगळेच काढतात. पन मानसाला घाबरून काढायच्या नाय." मालक ओटीवरून बघत होता. पुढे त्या घरचं काम आम्हाला कधी मिळालं नाही, आणि बाबांनी त्याबद्दल कधी चकार शब्द काढला नाही.

म्हणूनच जव्हारला जे झालं ते माझ्या घशाखाली अजून उतरत नाही.

जव्हार ही एका छोट्या संस्थानाची राजधानी. मधे बरीच वर्षं तिकडे कोणी फिरकत नव्हतं, आता सुट्टीच्या दिवशी गाड्या लावायला जागा नसते. माझ्या ऑफिसातल्या मुरबाडच्या मॅडम आणि त्यांचे मिस्टर गाडीने निघाले होते. मागच्या सीट रिकाम्याच आहेत, घरच्यांना घे, असं मॅडम म्हणाल्या. मी बाबांना आणि आत्याला घेतलं. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. लहानपणी ही दोघं दिवाळीनंतर आजोबांबरोबर तिकडे गवत कापायला जायची. "राजाचा वाडा आतनं बगायचाय," बाबा म्हणाले. "तवा निस्ता लांबनं बगितला." मी त्यांच्यासाठी शहापूरच्या बाजारातून नव्या चपला आणल्या.

कसारा मागे टाकून खोडाळ्याच्या रस्त्याला लागलो तसे बाबा बोलायला लागले. इथे गवताच्या गंजी लागायच्या, इथे पाणी प्यायला थांबायचो.

"आनि हितं ह्यो रडत बसायचा, कडेवर घे म्हनून," आत्या म्हणाली. "ते पन सांग की मॅडमना."

"तू गप गो आक्का."

गावात शिरलो. रस्ते झाडलेले, भिंतींवर वारली चित्रं, गावाच्या नावाची रंगीत अक्षरं उभी केलेली आणि त्यांच्यापुढे फोटो काढणाऱ्यांची रांग. जुनं म्हणून जे जे होतं तिथे माहितीची पाटी.

आत्या खिडकीतून बघत म्हणाली, "आपन झोपायचो तिथं पाटी नाय लावली काय रे?"

बाबा मोकळेपणी हसले. त्या दिवसातलं ते शेवटचं हसणं.

राजवाड्याच्या पायऱ्यांवर माणसांची ये-जा चालू होती. बूट वाजत होते, एक पोरगी वेफर्स खात धावत होती. मी तिकिटं घेऊन दोन पायऱ्या चढले आणि मागे वळले, तर बाबा खालच्या पायरीशी अनवाणी उभे. चपला पायरीच्या कडेला, एकमेकींना चिकटवून, नीट ठेवलेल्या. चेहरा नेहमीसारखाच होता. आपण काही केलंय हे त्यांना कळलेलंच नव्हतं.

दारावरचा वॉचमन भला माणूस होता. भल्या माणसासारखाच मोठ्याने बोलला, "बाबा, घाला घाला! हितं चपला चालतात. देऊळ नाय हे."

कोणीतरी हसलं. बाबांनी आपल्या पायांकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"चावतात," ते म्हणाले. "नव्या हायत ना. म्हनून काढल्या." त्यांनी चपला उचलून पिशवीत टाकल्या.

"अय्या काका, आधी नाही का सांगायचं!" मॅडमनी पर्समधून जखमेवर लावायची चिकटपट्टी काढली आणि त्या सरळ बाबांच्या पायाशी बसल्या. बाबांनी पाय मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या मॅडम."

"लाजताय काय? माझ्या वडिलांसारखे तुम्ही. कुठे चावलं?"

शेवटी बाबांनी टाच पुढे केली. टाच धडधाकट होती. मॅडमनी इकडून तिकडून बघितलं आणि अंदाजाने पट्टी चिकटवली.

आत्याने मला बाजूला ओढलं. "आमच्या बाची सवय ती," ती कानात म्हणाली. "वाडा दिसला की डोक्यावरचा भारा सावरत टायरच्या चपला काढायचा. राजाचं राज कवाच गेलं व्हतं. पन ह्यालाबी काढाया लावायचा. नाय काढल्या तर फटका."

आतलं मला काही आठवत नाही. तसबिरी होत्या, जुन्या खुर्च्या होत्या. मी फक्त त्या गार फरशीवरून चालणारे पाय बघत होते.

आत फरशी तरी गार होती. होळी होऊन गेलेली, दुपारी बाहेरचा दगड तव्यासारखा तापला. शिरपामाळला गेलो, आणखी एक-दोन ठिकाणं बघितली. सगळीकडे बाबा सावली शोधत, टाचा उचलून चालत होते. चपला पिशवीत, पिशवी हातात. "बाबा, घाला आता," एवढंच मला म्हणायचं होतं. पण तसं म्हटलं असतं तर त्या चावत नाहीत हे मला ठाऊक आहे, हे उघड झालं असतं.

"बाजारात थांबू, काकांना मऊ स्लीपर घेऊ," मॅडमचे मिस्टर म्हणाले.

"नको साहेब," बाबा म्हणाले. सकाळी बाबांनी त्यांनाच 'दादा' म्हटलं होतं.

मला कशाची लाज वाटली हे मी पुष्कळदा तपासून बघितलंय. त्यांनी चपला काढल्या, याची नाही. फटके खाऊन पायात भिनलेलं ते, त्याला कोण काय करणार? लाज याची की मी ते बघितलं, आणि मी बघितलं हे त्यांनीही बघितलं. मला मालकाच्या अंगणात चपला घालायला लावणाऱ्या माणसाला माझ्यासमोर खोटं बोलावं लागलं, आणि त्या खोट्यापायी दिवसभर पाय भाजून घ्यावे लागले.

संध्याकाळी सनसेट पॉइंटवर गर्दी सूर्याकडे तोंड करून उभी होती. बाबा मागच्या कट्ट्यावर बसले. मी शेजारी बसले. त्यांनी पिशवीतून चपला काढून मांडीवर घेतल्या.

"चपला चांगल्या हायत, बाय."

"हं."

"चावत नाय."

"ठाऊक आहे, बाबा."

ते पट्ट्यावरून अंगठा फिरवत राहिले. मग म्हणाले, "मी काढल्या नाय गो. म्हंजे… कवा काढल्या तेच कळलं नाय."

मी पिशवी उचलून माझ्याकडे घेतली.

त्यांनी टाचेवरची पट्टी ओढून काढली. तळवे लाल झाले होते, एका ठिकाणी फोड आला होता. त्यावरच त्यांनी चपला चढवल्या आणि उठले.

"अहो काका, चावतील पुन्हा!" मॅडम लांबून ओरडल्या.

"चावू द्या," बाबा मोठ्याने म्हणाले, आणि गर्दीतून वाट काढत, न लंगडता, गाडीकडे चालू लागले.

मी मुद्दाम मागे राहिले. त्यांना माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून.