गेली म्हणून निरोप

त्याला सगळे 'पुढचा' म्हणत. खुर्चीच्या दांड्यांची पुढची टोकं त्याच्या खांद्यांवर असत आणि मागची जोडीदाराच्या, म्हणून जोडीदार 'मागचा'. डोंगरावरच्या देवळापर्यंत ज्यांना चढवत नाही अशा यात्रेकरूंना खुर्चीत बसवून वर न्यायचं काम दोघं चोवीस वर्षं करत होते. मागचा म्हणायचा, याचं तोंड मला चहा पिताना काय दिसतं तेवढंच, बाकी सगळा संसार याच्या मानेशी केलाय.

पायथ्याचं गाव त्या चढावरच जगायचं, त्यामुळे तिथलं बोलणंही चढाचंच झालं होतं. 'गेला' म्हणजे वर देवळाकडे गेला, 'आला' म्हणजे खाली उतरला. लॉजचे मालक कुठे आहेत असं विचारलं की आतून उत्तर यायचं, "गेले." नवा यात्रेकरू दचकायचा, चेहरा पाडायचा, आणि मग लॉजमधले हसायचे. मेलेल्या माणसाला तिथे 'टेकला' म्हणत. दमून खुर्ची टेकवतात, तसा टेकला.

पुढच्याची बायको याच लॉजच्या चादरी धुवायची. बत्तीस खोल्या, खोलीला दोन चादरी, चार अभ्रे. लॉजच्या मागच्या अंगाला त्यांची खोली होती, एका भिंतीला गरम पाण्याच्या टाकीची धग आणि दुसरीला साबणाच्या पाण्याची ओल. चादर झटकून तिची घडी घालायला दुसरं माणूस लागतं. संध्याकाळी तो काम संपवून आला की न बोलता चादरीची दोन टोकं धरायचा. जवळ येऊन टोकं तिच्या हातात द्यायची, मागे सरायचं, पुन्हा जवळ यायचं. दिवसातलं त्यांचं बहुतेक बोलणं या येण्याजाण्यातच व्हायचं.

ती मात्र कधी वर गेली नव्हती. पायथ्याशी सव्वीस वर्षं राहून एकदाही नाही. तरुणपणी चादरी संपायच्या नाहीत. देव काय पळून चाललाय, म्हणायची. मग मुलगी झाली, तिचं शिक्षण झालं, ती लग्न होऊन दूर गेली, आणि आता जाऊ म्हणेपर्यंत हिच्या हृदयाची झडप बिघडली. डॉक्टरांनी सांगितलं, जिना चढायचा नाही. इथे तर अख्खा डोंगर.

पुढच्याला तिला एकदा वर न्यायचं होतं. बाकी त्याने आयुष्याकडे फारसं काही मागितलं नव्हतं. वरचे दुकानदार त्याची चेष्टा करायचे, जगाच्या बायका आणल्यास, तुझी कुठे ठेवलीस? तो हसायचा, पण ते त्याला लागायचं. दर सीझन संपताना तो तिला म्हणायचा, आता खुर्ची रिकामी आहे, बस. आणि दर वेळी ती चादरीचं टोक हिसकून घ्यायची.

"दिवसभर परक्या बायका वाहता, त्यांतली एक मला नाही व्हायचं," ती म्हणायची. "येईन तर माझ्या पायांनी येईन. तुम्ही वर वाट बघत उभे राहा, नवऱ्यासारखे."

त्या वर्षी तिचा धाकटा भाऊ आठ दिवसांची रजा काढून आला. तो सखल भागातल्या शहरात एका कचेरीत कारकून होता. मोजकं बोलायचा, आणि तेही अर्ज लिहिल्यासारखं. त्याने तिला तिकडच्या डॉक्टरांकडून नव्या गोळ्या आणल्या होत्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तिला खरंच हुशारी वाटायला लागली. एका सकाळी तिने नको नको म्हणताना सहा चादरी पिळल्या. पुढचा निघताना ती दारापाशी येऊन म्हणाली, "आज असं वाटतंय, चढेनसुद्धा."

"मग चल."

"तुम्ही व्हा पुढे. नाहीतरी तुमचं नावच ते आहे."

तो हसत निघाला. फोन फळीवर चार्जिंगला लावलेला तसाच राहिला. तसाही तो फोन नेत नसे, दोन्ही हात दांड्यांना असताना फोन उचलणार कोण?

दहाच्या सुमाराला ती खाटेवर बसल्या बसल्या कलंडली. भावाने डॉक्टरांना आणलं. त्यांनी डोळे पाहिले, मनगट धरलं आणि मान हलवली. भावाने पुढच्याला फोन लावला, तर तो त्याच खोलीत, तिच्या उशापाशी वाजला. तेव्हा भाऊ धावत पायऱ्यांपाशी गेला. खुर्च्या निघत होत्या. 'घोगऱ्या' नावाचा एक खुर्चीवाला ओळखीचा दिसला, त्याला गाठून त्याने सांगितलं, "ताई गेली. दाजींना सांगा, लवकर."

घोगऱ्याच्या खांद्यावर एक भरभक्कम आजोबा होते. खांद्यावर माणूस असलं की डोळे पायरीवर असतात, समोरच्याच्या तोंडाकडे बघायला सवड नसते. त्याने ऐकलं, मान डोलावली आणि चढायला लागला.

दुपारी देवळाच्या आवारात त्याने पुढच्याला गाठलं आणि घाम पुसत म्हणाला, "तुझी बायको गेली म्हणून निरोप आहे. मेव्हणा सांगत होता. लवकर म्हणाला."

पुढच्याला आधी कळलंच नाही. मग त्याचा चेहरा असा उजळला, की मागच्याने आपल्या हातातला चहाचा कप खाली ठेवला. पुढचा म्हणाला, "निघाली? खरंच निघाली?" मग त्याला थोडा रागही आला. मेव्हण्याने खुर्ची केली असणार, हिने माझ्या खुर्चीला चोवीस वर्षं नाक मुरडलं आणि दुसऱ्याच्या खुर्चीत मुकाट्याने बसली. मग तोही राग गेला. बसेना का, येतेय तर.

सीझनमध्ये चढायची वाट वेगळी आणि उतरायची वेगळी. चढत्या वाटेने उलटं उतरू देत नसत, म्हणून तो शेवटच्या पायरीपाशीच थांबला. मागच्याने दुपारच्या दोन खेपा सोडल्या आणि एका शब्दाने तक्रार केली नाही. पुढच्याने नळावर तोंड, मान, हात धुतले. शर्ट काढून धुतला, पिळला, झटकला आणि ओलाच अंगात घातला. दर्शनाच्या रांगेवरच्या माणसाला सांगून ठेवलं, माझी मंडळी येतेय, तिला उभं राहवत नाही, बाजूच्या दाराने सोडा. चपला सांभाळणाऱ्या म्हातारीला जाऊन सांगितलं. तिने विचारलं, दिसायला कशी आहे? त्याला पटकन सांगता येईना. शेवटी म्हणाला, "बारीक आहे. हात पांढरेफटक, पाण्यात राहून."

तीनच्या सुमाराला आणखी एक खुर्चीवाला चढता चढता त्याला म्हणाला, "कळलं ना तुला? मेव्हणा दिसेल त्याला सांगतोय."

"कळलं," पुढचा म्हणाला. "म्हणून तर थांबलोय."

त्या माणसाला ते जरा विचित्र वाटलं. पण त्याच्याही खांद्यावर ओझं होतं.

प्रत्येक खुर्ची वळणावर दिसली की पुढचा दोन पायऱ्या खाली उतरायचा. कुणाची तरी आई असायची, कुणाची तरी सासू. तो पुन्हा वर यायचा. मागच्याला म्हणाला, मध्ये बसत बसत येत असेल. थोड्या वेळाने म्हणाला, मेव्हण्याला चढायची सवय नाही, त्याच्यामुळेच उशीर होतोय. ऊन उतरलं, शर्ट केव्हाच वाळला होता.

दिवे लागायच्या वेळी वळणावर मेव्हणा दिसला. एकटाच, कठड्याला धरून, गुडघ्यांवर हात टेकत येत होता. पुढचा धावत खाली गेला आणि त्याच्या खांद्यावरून मागे बघायला लागला.

"तुझी ताई कुठाय? मागे बसली का?"

मेव्हणा धापा टाकत त्याच्याकडे बघत राहिला. धुतलेलं तोंड, विंचरलेले केस. तो सबंध दिवस प्रेत आणि पायऱ्या यांच्यात येरझाऱ्या घालत या माणसाला मनातल्या मनात शिव्या देत होता, आणि आता त्याला वाटलं, या माणसाचं डोकं फिरलंय.

"दाजी, तुम्हाला निरोप नाही मिळाला? ताई गेली."

"गेली ते दुपारीच कळलं रे," पुढचा म्हणाला, "पण पोचली कुठवर?"

मागच्याला उलगडा झाला. तो पायऱ्या उतरून आला आणि चोवीस वर्षांत पहिल्यांदा पुढच्याच्या समोर उभा राहिल्यासारखा उभा राहिला. त्याचे दोन्ही दंड धरून म्हणाला, "टेकली रे. सकाळीच."

पुढच्याने एकदा वळणाकडे पाहिलं, तिथून एक खुर्ची येत होती, तिला वाट द्यायला तो सवयीने बाजूला झाला. मग तिघं उतरायच्या वाटेने उतरले. मेव्हणा सारखं सांगत होता, मी चार जणांजवळ निरोप दिला, चार जणांजवळ.

खोलीत शेजारच्या बायका बसल्या होत्या. मुलगी अजून वाटेत होती. सकाळी पिळलेल्या सहा चादरी बाहेर दोरीवर तशाच होत्या. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा तिच्या चादरींची घडी घालायला कुणाचा हात धजला नव्हता.

पुढच्याने घोगऱ्याला दोष दिला नाही. घोगऱ्या स्वतःच पंधरा दिवस त्याला टाळून दुसऱ्या टपरीवर चहा पीत होता. एकदा तो मागच्याला म्हणाला, मी ऐकलं तेच सांगितलं रे, एक अक्षर जास्त नाही. मागचा म्हणाला, माहीत आहे.

महिन्याभराने पुढचा पुन्हा खांदा द्यायला आला. पहिल्या खेपेला वर खुर्ची उतरवली, बाईंना हात देऊन उभं केलं, आणि तो पाणी प्यायला गेला. चपला सांभाळणारी म्हातारी डोंगरावरच राहायची. तिच्यापर्यंत काही पोचलं नव्हतं. तिने त्याला हाक मारली.

"काय रे, इतके दिवस होतास कुठे? त्या दिवशी तुझी मंडळी यायची होती, मी पाच वाजताच आवरलं. झालं का दर्शन तिचं?"

मागचा घाईने पुढे झाला. पुढच्याने त्याला हातानेच थांबवलं.

"झालं," तो म्हणाला.

"बाजूच्या दाराने सोडलं?"

"हो. चांगलं झालं. गर्दी नव्हती."

म्हातारी खूश झाली. चपलांच्या जोड्या सरळ करता करता म्हणाली, "सव्वीस वर्षांनी आली. मग काय मागितलंन देवाजवळ?"

पुढचा नळाची तोटी धरून उभा राहिला. दुसऱ्या हातातलं पाणी गळून गेलं.

"ते विचारायचं राहिलं," तो म्हणाला.