रेडिओच्या खड्ड्याला पाणी

...तर रूपचंदनं खड्डा खणायला घेतला, इथवर काल आलो होतो. नरडाण्याजवळच्या खेड्यात, बेबाबाईच्या ओट्यालगत, चांगला कंबरभर खड्डा. आणि तोही कशासाठी, तर रेडिओसाठी!

एकाहत्तरच्या लढाईत तिचा एकुलता एक फौजी मुलगा चुडामण बेपत्ता झाला. सीमेपलीकडच्या रेडिओवर दिवेलागणीला पकडलेल्या जवानांची नावं सांगत. नेमकी तेव्हाच समोर बन्सीलालची पिठाची गिरणी सुरू होई, नि तिच्या मोटारीनं रेडिओत अशी खरखर उठे, की एक नाव ऐकू यायचं नि चार बुडायची. बुडालेल्यांत आपला असेल, म्हणत बेबाबाई रेडिओला कान लावून बसे. बन्सीलाल भला माणूस. त्यानं संध्याकाळची गिरणी बंद ठेवली, तर दळणाचे डबे घेऊन आलेल्या बायाच त्याच्यावर उखडल्या. शेवटी तोच देवपुरातून रूपचंद मेकॅनिकला घेऊन आला.

रूपचंदनं तांब्याचा पत्रा खड्ड्यात उभा केला, भोवती कोळसा नि मीठ भरलं. "अक्का, आता नुसती वांगी टाका, भरीतच होईल!" कितीतरी दिवसांनी बेबाबाई हसली. पत्र्याची तार त्यानं रेडिओच्या पाठीला जोडली. "खरखर आता जमिनीत जाईल. माती तेवढी ओली ठेवा. रोज तांब्याभर पाणी घाला."

त्या संध्याकाळी समोर गिरणी घरघरत होती, पण रेडिओ असा बोलला, जणू माणूस ओट्यावर बसून बोलतोय. बेबाबाईनं सगळी नावं ऐकली. दुसऱ्या दिवशी ऐकली, तिसऱ्या दिवशी ऐकली. एकही नाव बुडालं नाही. चुडामणचं आलं नाही.

पुढं नावं सांगायचं थांबलं. वर्षानं कैदी सुटून घरोघर आले, त्यांतही तो नव्हता. बेबाबाईनं रेडिओवर फडकं टाकलं ते टाकलंच. पाणी मात्र रोज चालू. त्यात दुष्काळ, विहिरी तळाला गेलेल्या, एकेका हंड्यासाठी भांडणं. दीर भटूला राहवेना.

"वयनी, माणसंले पानी नहीं, नि तू रेडिओले पाजस? तो ते बंद शे!"

बेबाबाईनं आधी तांब्या पुरता रिता केला.

"भटूभाऊ, खरखर व्हती तवलग माले वाटे, मना चुडामननं नाव तिन्हामाच शे. ती खरखर मीच जमीनमा गाडी दिधी. आते तठे पानी बी नको टाकू का?"