मिस्ड कॉलने थांबणारी मोटर

१८ फेब्रुवारी, सकाळी ८ वाजून ५२ मिनिटे. कडेगावजवळच्या एका पंपघरात मी मांडीवर लॅपटॉप घेऊन बसले होते. नऊला थ्री-फेज वीज येणार होती. आमच्या कंपनीने बनवलेला, मोटर चालवणारा कंट्रोलर आजही बंद पडला, तर तो भिंतीवरून उतरवून माझ्याच गाडीत ठेवला जाईल, असे पाणी गटाच्या अध्यक्षांनी, निवृत्त सुभेदारांनी, मी आल्याआल्या बजावले होते.

"आवं मॅडम, उसाची लागण नवी हाय. पाण्याच्या निम्म्या पाळ्या चुकल्या. ह्या डब्याचा लाड आमी किती करायचा?"

"सुभेदारसाहेब, साताऱ्याला आमच्या ऑफिसात हाच महिनाभर न थांबता चालला."

"मग साताऱ्यातच ऊस लावतो की."

कंट्रोलरची कामे तीन. शेतकऱ्याचा मिस्ड कॉल आला की मोटर सुरू करायची, त्याला मेसेज पाठवायचा, आणि पाणी तुटले की मोटर तत्काळ थांबवायची; कोरडी फिरली तर ती जळते. या कामांचा क्रम कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, ठरवतो. चालू काम अर्धवट थांबवून तातडीचे पुढे घेण्याची त्याला मुभा असते. तिला प्रीएम्प्शन म्हणतात. आमचे क्रॅश अशा अदलाबदलीच्या क्षणीच होत होते. लॉगवरून, म्हणजे कंट्रोलरच्या नोंदींवरून, एवढेच कळले होते.

वीज आली. त्यासरशी पंपघरातल्या चौघा शेतकऱ्यांनीही मोबाइल काढून कानाला लावले.

"तुम्ही तर इथेच आहात. मग फोन कशाला?"

"गटाचा नियम हाय," सुभेदार रिडायल करत म्हणाले. "पयला मेसेज ज्येला, पयलं पाणी त्येला. घरातली मान्संबी लावत असत्यात."

कंट्रोलरचा दिवा विझला.

"गेला," कोणीतरी म्हणाले. "आज लय येळ टिकला."

ऑफिसात मी एकाच फोनवरून कॉल करून मेसेजची शांतपणे वाट पाहत असे. इथे सारा गट तुटून पडत होता. मेसेज गेलेला नंबर आलेल्या कॉलच्या यादीतून काढण्याचे काम अर्धे झालेले असतानाच नवा कॉल येई, आणि त्याच यादीत लिहू लागे. अर्धवट बदललेली यादी वाचताना कर्नल कोसळे.

सुभेदारांनी स्क्रू-ड्रायव्हर मागवला होता. मी एक दिवस मागितला.

"उद्या नवापतोर. पुढं न्हाई."

साताऱ्याला पोहोचताच ऑफिसातल्या माझ्या सरांनी सुचवले, "प्रीएम्प्शनच बंद करून टाक."

"क्रॅश थांबतील, सर. पण मोटर थांबवायचा आदेशही रांगेत अडकेल."

"मोजलंस?"

त्या आदेशाला होणारा उशीर मोजून दाखवला. सरांनी सूचना मागे घेतली. मग यादीत नंबर लिहिणे आणि काढणे, या दोनच टप्प्यांपुरती प्रीएम्प्शनची मुभा मी रोखली. बाकी सारे पूर्ववत ठेवले. चहाच्या सुट्टीत अख्ख्या ऑफिसला रिडायल करायला बसवले. कंट्रोलर टिकला.

दुसऱ्या दिवशी नऊला पुन्हा फोन निघाले. सुभेदार एका हातात मोबाइल आणि दुसऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर धरून उभे होते. मोटर सुरू झाली. पहिला मेसेज त्यांच्या धाकट्या भावाला आला.

"डबा चालतुया," स्क्रू-ड्रायव्हर खिशात घालत ते म्हणाले. "पर थोरल्याचा मान ठेवत न्हाई. त्येचं काय करता का बघा."

ते माझ्या कक्षेबाहेरचे होते. उपकरण तपासताना आपली शिस्त बाजूला ठेवून वापरणाऱ्याची घाई अंगी आणावी, एवढे मात्र मी शिकले. परतताना लॉग उतरवून घेतला. कॉल ४३, रीस्टार्ट ०.