दोन विटा

आमच्या गल्लीत पुराचं पाणी शिरलं, की त्याच्या कडेला एक वीट ठेवायची पद्धत आहे. वीट बुडली तर पाणी चढतंय, कोरडी राहिली तर उतरतंय. यंदा मात्र दोन विटा होत्या.

धरणाचं पाणी सरकारने मुद्दाम आमच्याच गावावर सोडलं, असा एक मेसेज मोबाइलवर फिरत होता. विरोधकांनीच दरवाजे उघडायला लावले, असा दुसरा. समोरच्या बापूंना पहिला पटलेला, शेजारच्या शिंदेकाकांना दुसरा. निवडणुकीपासून दोघांचं बोलणं बंद. "काका वीट सरकवतात," म्हणत बापूंनी स्वतःची वेगळी वीट मांडली. माझं डोकंच फिरलं. मतं हवी तितकी वेगळी असोत, पण पाणी कुठवर आलंय हेही आता ज्याचं त्याने ठरवायचं?

सकाळी गॅलरीतून पाहिलं, तर दोघं आपापल्या विटेपाशी वाकून उभे. विटांच्या पुढे हातभर ओला चिखल उघडा पडला होता. काकांनी विचारलं, "बापू, तुमची काय म्हणते?"

"उतरलंय."

"माझीही तेच म्हणते."

मला हायसं वाटलं, ते नुसतं पाणी उतरलं म्हणून नव्हे.

धरण कोणी सोडलं यावरून दोघांची लगेच जुंपली. खुशाल भांडोत. भांडता भांडताच बापूंनी आपली वीट उचलली आणि ते घराकडे वळले.

"राहू दे की," काका म्हणाले.

"कशाला? तुमची आहे ना."