मोजून केलेला उशीर

"या ड्रायव्हरला वेळेचं भान नाही, असं इथं लिहिलंय," सोळंकेसाहेब म्हणाले आणि फाईल माझ्याकडे सरकवली. "तीन रॅल्या, तिन्हीत उशीर. तरी अर्णवचा मॅनेजर म्हणतो, दोन नंबरला हाच पाहिजे. मला तर काही कळंना. तुम्ही बघा अन् आठ दिवसांत सांगा, घ्यावा का नाही."

सोळंकेसाहेबांचा परभणीच्या एमआयडीसीत रोटाव्हेटर आणि नांगर बनवायचा कारखाना आहे. आपली रॅली टीम असावी असं त्यांच्या मनात आलं, तेव्हा पुण्याची एक टीम नेमकी बंद पडत होती. तिच्या दोन्ही गाड्या, सुटे भाग आणि खोकंभर हार्ड डिस्क साहेबांनी उचलून आणल्या. आता ड्रायव्हर हवे होते. जुन्या टीमचा पहिला ड्रायव्हर अर्णव. त्याच्याकडं चषकांची रांग. दुसरा दत्ता, आपल्या परभणीजवळच्या झरीचा. चार सीझन तो अर्णवच्या जोडीला होता आणि एकदाही त्याच्या पुढे आला नव्हता. फाईल दत्ताची होती, जुन्या टीमने केलेली.

मी डेटा इंजिनिअर. रॅलीच्या गाडीत एक छोटी डबी असते. वेग किती, ब्रेक कुठं दाबला, गाडी कुठं होती, सगळं ती टिपून ठेवते. ते वाचायचं आणि ड्रायव्हरला सांगायचं, हे माझं काम. अकरा वर्षं कोइमतूर आणि पुण्यात केलं. आता परभणीत जिंतूर रोडला घरी बसून करते. शेजाऱ्यांना वाटतं, मी गाड्यांचा इन्शुरन्स काढते.

रॅली म्हणजे काय, ते थोडक्यात सांगते. सगळ्या गाड्या एकदम सुटत नाहीत. एकेक करून, वाहतुकीला बंद केलेल्या रस्त्यावर पळतात. त्या तुकड्याला स्टेज म्हणतात, आणि तिथं जितका कमी वेळ तितकं चांगलं. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजला मात्र साध्या रस्त्याने, दिलेल्या वेळेत, चौकीवर हजर व्हायचं असतं. या चौकीला टाइम कंट्रोल म्हणतात. तिथं एक मिनिट उशीर झाला की दहा सेकंद दंड. ड्रायव्हरच्या शेजारी को-ड्रायव्हर बसतो. पुढचं वळण वाचून दाखवायचं आणि घड्याळ सांभाळायचं, ही त्याची दोन कामं.

घरी आले आणि त्या डब्यांतल्या नोंदींच्या डिस्क लावल्या. पहिले दोन दिवस मला फाईल खरीच वाटत होती. निकालाच्या कागदावर अर्णव वर, दत्ता खाली. चार सीझन तेच. डांबरी घाटात तर फरक उघड होता. दत्ता वळणाआधी लवकर ब्रेक दाबायचा, अर्णव उशिरा. याला कुणाचा इलाज नाही. अर्णव घाटात सरस आहे.

तिसऱ्या दिवशी मातीच्या स्टेज काढल्या. मातीच्या रस्त्यावर वर सुटी खडी असते. जी गाडी आधी जाते ती ही खडी बाजूला उडवते, घसरते, वेळ घालवते. मागच्याला स्वच्छ रस्ता मिळतो. आम्ही याला रस्ता झाडणं म्हणतो. ही टीम ज्या रॅली मालिकेत पळायची, तिथं एका टीमच्या दोन गाड्यांना लागून क्रमांक मिळायचे आणि आधी कोण जाणार ते टीमने ठरवायचं. चार सीझन, प्रत्येक मातीच्या रॅलीत, आधी दत्ता.

म्हणून मी दुसरी फेरी काढली. प्रत्येक स्टेज दोनदा पळतात. दुसऱ्या फेरीपर्यंत सगळ्या गाड्यांनी रस्ता झाडलेला असतो, तेव्हा आधी गेलं काय आणि मागून गेलं काय, फार फरक पडत नाही. दुसऱ्या फेरीत मातीवर दत्ता अर्णवच्या बरोबरीने होता. बऱ्याच स्टेजवर पुढे होता.

मी चहा करून आणला आणि उशीर झालेल्या तीन रॅल्या उघडल्या.

पहिल्या रॅलीत शेवटच्या टप्प्याआधी दत्ता अर्णवच्या चौदा सेकंद पुढे होता. टाइम कंट्रोलला दोन मिनिटं उशिरा पोचला. दंड वीस सेकंद. दुसरीत एकतीस सेकंद पुढे होता. उशीर चार मिनिटं, दंड चाळीस. तिसरीत बावीस सेकंद पुढे. उशीर तीन मिनिटं, दंड तीस.

म्हणजे दर वेळी दंड आघाडीपेक्षा थोडासाच जास्त. बेफिकीर माणसाचा उशीर इतका मोजून होत नसतो.

नकाशा उघडला. तिन्ही वेळा गाडी चौकीच्या दोनेकशे मीटर अलीकडे उभी होती. इंजिन चालू. तापमान व्यवस्थित. काही बिघडलेलं नव्हतं. गाडी वेळेच्या आधी आली होती आणि उभी राहिली होती.

दुसऱ्या दिवशी झरीला गेले. दत्ताचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज आहे. तो एका ट्रॅक्टरचा गिअरबॉक्स उघडून बसला होता. उंच, सावळा, तिशी ओलांडलेला. मी कशासाठी आले ते सांगितलं. त्याने हात पुसले, खुर्ची दिली आणि परत गिअरबॉक्सला लागला.

"त्या तीन वेळा गाडी का थांबवली होती?" मी विचारलं.

"थांबली व्हती. झालं."

"कोणी सांगितलं?"

"मॅडम, नोकरी व्हती. सांगतील ते करायचं, असं ठरवूनच गेलतो. आता कशाला उकरायलात?"

"फाईलमध्ये लिहिलंय की तुम्हाला वेळेचं भान नाही."

त्याचा हात थांबला. हे त्याला माहीत नव्हतं. त्याने पाना खाली ठेवला.

"असं लिवलंय?"

"हो. सहीशिक्क्यानिशी."

"मला म्हणले व्हते, टीमसाठी कर, टीम विसरणार न्हाई." तो उठला. "मॅडम, एक काम करा. घाटात मी कमी हाय, ते लिवा. खरं हाय ते. पण मला बिचारा लिवू नका. आन् उशिराचं मला इचारू नका. घड्याळ माझ्याकडं नसतंय. नसरीनला इचारा. ती पूर्णेला ऱ्हाती."

पूर्णेला रेल्वेने गेले. नसरीन दत्ताची को-ड्रायव्हर. वडील रेल्वेत गार्ड होते, आता रिटायर्ड. ती घरीच गणिताचे क्लास घेते. मी फाईलचं पान पुढे ठेवलं. तिने ते एकदा वाचलं, मग परत वाचलं.

"हे दत्ताभाऊंच्या नावावर लिहिलंय," ती म्हणाली, "पण शिवी मला दिलीय. गाडी त्यांची, घड्याळ माझं. उशीर झाला म्हणजे माझी चूक. माझ्या अब्बांनी एवढी वर्षं गाड्या वेळेवर सोडल्या अन् त्यांच्या पोरीला वेळ कळत नाही?"

ती आत गेली आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन आली. को-ड्रायव्हर वळणांच्या नोंदी पेन्सिलने वहीत लिहितो. तिने तिन्ही रॅल्यांची पानं काढून दिली. प्रत्येक पानाच्या कडेला, पोचल्याची वेळ, थांबल्याची वेळ आणि खाली एक ओळ. दुसऱ्या रॅलीच्या पानावर 'फोनवर हुकूम: चौकीवर चार मिनिटं उशिरा पोचा.' बाकी दोन्हींवर तसाच, दोन आणि तीन मिनिटांचा. पुढे हुकूम देणाऱ्या टीम मॅनेजरचं नाव.

"हे तेव्हाच लिहिलं होतं?"

"तेव्हाच. दत्ताभाऊ म्हणाले, खोडून टाक, कशाला वाईटपणा. मी म्हटलं, मी माझी वही खोडत नसते."

मी पानांचे फोटो काढले. तिच्या वेळा आणि डबीतल्या वेळा घरी जाऊन ताडून पाहिल्या. सेकंदांचा फरक होता, मिनिटाचा नव्हता.

त्या संध्याकाळी मी अर्णवलाही फोन केला. एका बाजूचं ऐकून रिपोर्ट लिहायचा नाही, हा माझा नियम आहे. तिन्ही उशिरांचं विचारलं.

"पहिल्या वेळी मला माहीत नव्हतं," तो म्हणाला. "नंतरच्या दोन्ही वेळी होतं."

"मग?"

"मग काय, चषक घेतला." मग म्हणाला, "मातीवर दुसऱ्या फेरीत तो माझ्यापेक्षा फास्ट आहे. ते लिहा. मी नाही म्हणणार नाही."

रिपोर्ट सहा पानांचा झाला. घाटात दत्ता कमी आहे, हे पहिल्या पानावर. मातीवर तो पहिल्या नंबरच्या ड्रायव्हरच्या तोडीचा आहे, हे दुसऱ्यावर. चौथं पान उशिराचं.

आठव्या दिवशी सोळंकेसाहेबांच्या केबिनमध्ये बैठक झाली. अर्णवचा मॅनेजर पुण्याहून आला होता. जुन्या टीमचा मॅनेजरही तोच. वहीतलं नाव त्याचंच होतं. दत्ता आणि नसरीनला बाहेर बसवलं होतं.

त्याने चौथं पान वाचलं आणि हसला. "मॅडम, टीम ऑर्डर सगळीकडे असतात. दुसऱ्या ड्रायव्हरचं कामच ते. यात नवीन काय?"

"काहीच नाही," मी म्हणाले. "टीमने सांगावं, ड्रायव्हरने ऐकावं, याला माझी हरकत नाही. पण सांगायचं तुम्ही आणि फाईलमध्ये लिहायचं की याला वेळेचं भान नाही, हे कुठल्या टीममध्ये असतं?"

"ते ऑफिसमधल्या कोणीतरी लिहिलं असेल."

"खाली सही तुमची आहे."

तो सोळंकेसाहेबांकडे वळला. "साहेब, अर्णव पाहिजे ना? मग हे एक पान काढून टाका. हा रिपोर्ट बाहेर गेला तर त्याच्या चषकांवर बोट ठेवलं जाईल."

साहेब खुर्चीत हलले. अर्णव त्यांना हवाच होता. त्याचा फोटो लावलेला कॅलेंडरचा नमुनासुद्धा टेबलावर पडला होता. "मॅडम," ते हळू आवाजात म्हणाले, "तेवढं एक पान बाजूला ठेवता येतंय का? बाकी रिपोर्ट लय चांगला झालाय."

"ठेवता येतं," मी म्हणाले. "मग शेवटच्या पानावरची माझी सहीसुद्धा बाजूला ठेवा. पाच पानांचा रिपोर्ट मी लिहिलेला नाही."

साहेब चौथं पान परत वाचू लागले.  परभणीत बसून असं काम देणारा दुसरा माणूस मला मिळणार नव्हता, हे मला चांगलं ठाऊक होतं.

साहेबांनी बेल वाजवली. दत्ता आणि नसरीन आत आले. साहेबांनी सरळ विचारलं, "दत्ता, दोन नंबरला येतोस का? अर्णवच्या जोडीला. गाडी तयार आहे."

दत्ताने मॅनेजरकडे पाहिलं. "चौकीच्या अलीकडं थांबायला सांगणार का?"

"परिस्थिती बघून ठरवू," मॅनेजर म्हणाला.

"मग न्हाई."

"दत्ता, विचार कर. दुसरीकडे कुठं गाडी मिळणार आहे तुला?"

"न्हाई मिळायची," दत्ता म्हणाला. "ट्रॅक्टर हायत की. चार वर्षं तुमचा रस्ता झाडला, आमी काही बोललो न्हाई. वर आमालाच वेळ कळत न्हाई म्हणून लिवलंत. आता न्हाई."

"आणि थांबवायचं असेल तर थांबवा," नसरीन म्हणाली. "फक्त हुकूम लेखी द्या. मी वहीला चिकटवून ठेवीन."

मॅनेजरने आपली बॅग उचलली. "साहेब, अशा लोकांबरोबर अर्णव काम करणार नाही."

"अर्णव म्हणाला का तुम्ही म्हणताय?" साहेबांनी विचारलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला होता. "लेखी द्यायला तुमचं काय जातंय? माझ्या वर्कशॉपवर मी फिटरला चुकीचं माप सांगितलं तर जॉब कार्डावर माझं नाव पडतंय. फिटरचं न्हाई."

मॅनेजरने लेखी द्यायला नकार दिला. चहा न घेता गेला.

त्या दिवशी काहीच ठरलं नाही. साहेब कोणाशीच नीट बोलले नाहीत, माझ्याशीही नाही. पुढचा आठवडाभर त्यांचा फोन नव्हता. मी पुण्यातल्या जुन्या ओळखीच्या लोकांना कामासाठी मेल पाठवायला सुरुवात केली. मग एका सकाळी फोन आला. अर्णव दुसऱ्या टीमकडे गेला होता. साहेबांनी दोनपैकी एकच गाडी पळवायचं ठरवलं होतं. "दत्ताला सांगितलंय," ते म्हणाले. "सहाच्या सहा पानं फाईलला लावलीत. डेटा तुम्हीच बघा. अन् घाटातल्या ब्रेकचं काय करायचं ते आधी बघा."

दोन महिने आम्ही ब्रेकवर काम केलं. दत्ता हट्टी आहे. अर्णवचा ब्रेकचा आलेख त्याच्यापुढे ठेवला की आधी वाद घालायचा, मग मुकाट्याने तसं करून बघायचा. थोडा फरक पडला. फार नाही.

पहिली रॅली निम्मी मातीची आणि निम्मी घाटाची होती. मातीवर दत्ता दुसरा होता. घाटात मागे पडला. शेवटी चौथा आला. अर्णव पहिला. दंडाच्या रकान्यात दत्तापुढे शून्य.

साहेबांचा मला लगेच फोन. "मॅडम, चौथा! तुमचा रिपोर्ट तर..."

"रिपोर्टात पहिला येईल असं कुठं लिहिलंय, साहेब?"

फोनमध्ये साहेबांच्या मागून नसरीनचा आवाज आला, "चौथा तर चौथा. कोणी सांगितलेला नाही, आमचा आहे." दत्ता काहीतरी बोलला आणि सगळे हसले. साहेबही हसले, जरा उशिरा.

या धंद्यात मी एवढंच शिकले. कोण किती वेळात आलं, ते निकालाच्या कागदावर लिहिलेलं असतं. कोणाच्या सांगण्यावरून आलं, ते लिहिलेलं नसतं. त्यासाठी पूर्णेची गाडी पकडावी लागते.