कोणीतरी हवा भरतंय

आमच्या हिच्या मामांचा ज्याच्यावर संशय नाही असा प्राणी या भूतलावर अजून जन्माला यायचा आहे, आणि आलाच तर मामा आधी त्याचा जन्मदाखला उजेडात धरून बघतील. खोपटच्या एसटी डेपोतून तिकीट तपासनीस म्हणून रिटायर झालेला माणूस! समोरचा प्रत्येक जण विनातिकीट चाललाय असं धरूनच बोलायला सुरुवात. चहा आला की आधी हुंगणार, मग आणणाऱ्याकडे बघणार, मग दुसरा कोणी पिऊन धडधाकट राहतोय ना याची खात्री करणार, आणि मगच पहिला घोट. राँग नंबर आला तर उलटा फोन करून तो खरंच राँग होता का याची चौकशी. सकाळी कोणी सहज "काय मामा, फिरायला का?" म्हणालं तर दुपारपर्यंत "त्याला कशाला हवंय?" चालू. आमच्या लग्नात स्टेजवर आले आणि माझ्याकडे असं रोखून बघितलं, की मी न विचारताच माझं पूर्ण नाव सांगून टाकलं.

अशा माणसाने कुठल्या वाहनात बसायचं, सांगा! रिक्षात बसले की मीटरवरची नजर हटत नाही. बसमध्ये बसले की शेजारच्याचं तिकीट बघायला हात शिवशिवतात. राहिली सायकल. "सायकल मी स्वतः चालवतो, तेवढी तरी खात्री," असं त्यांचं म्हणणं. दर रविवारी सकाळी डोंबिवलीहून निघायचं, पत्रीपूल चढायचा, कल्याण ओलांडायचं आणि आंबिवलीला थोरल्या बहिणीकडे, आक्कांकडे पोचायचं. आक्कांची नजर गेल्यात जमा. मामा त्यांना पेपर वाचून दाखवतात आणि दोघं बहीणभाऊ मिळून प्रत्येक बातमीवर संशय घेतात. "रस्त्याचं काम महिन्याभरात पूर्ण होणार," मामा वाचणार. "कुठल्या महिन्यात ते लिहिलंय का रे?" आक्का विचारणार. की दोघं खूश. सख्ख्या भावाबहिणींचं इतकं एकमत मी दुसरीकडे कुठे बघितलेलं नाही.

पण मामांनी सत्तरी ओलांडली, आणि एका रविवारी पंक्चर झालेली सायकल टेम्पोत आणि मामा ड्रायव्हरशेजारी, असे दोघं घरी आले. मामींनी दारातच सुनावलं. "हे शेवटचं हं! परत रस्त्यात पंक्चर झाली, नाहीतर पत्रीपुलावर उतरून ढकललीत असं कळलं, तर सायकल भंगारात. मग बसा घरी पंखा बघत." मामी बोलल्या की बोलल्या, ब्रह्मदेव आला तरी शब्द फिरत नाही. आता झाली का पंचाईत! जाड टायर घ्यावा तर खिळ्याची भीती नाही, पण चढावर तो रस्ता सोडायला तयार नसतो. बारीक घ्यावा तर सुळसुळ पळतो, पण काचेचा तुकडा नुसता दिसला तरी प्राण सोडतो. दोन्हीतलं एक जरी चुकलं, तरी आंबिवली बंद.

मामांनी तपास मुळापासून सुरू केला. पंक्चरवाले दुकानाच्या अलीकडे-पलीकडे खिळे पेरून ठेवतात, अशी त्यांची जुनी शंका. म्हणून दोरीला लोहचुंबक बांधून हा गृहस्थ डोंबिवलीच्या रस्त्यावर तो ओढत फिरला. लोकांना वाटलं, काका कुत्र्याला फिरवतायत आणि कुत्रा दिसत नाहीये. शेवटी एक खिळा चिकटला. मामा तो विजयी मुद्रेने घरी घेऊन आले, भिंगाखाली धरला, आणि तो त्यांच्याच चपलेचा निघाला. "म्हणजे चप्पलवालाही सामील आहे," मामा म्हणाले.

मग माझी पाळी आली. मी राहायला खोपटजवळच, कोलशेतला, म्हणून "जावईबापू, खोपटला या" असा हुकूम. खोपटला का, तर तिथली माणसं ओळखीची, म्हणजे कोणावर किती संशय घ्यायचा ते पक्कं माहीत. दुकानात मामांनी टायर हुंगले, वाकवून बघितले, नखाने टोकरले, आणि दुकानदाराची पाठ वळल्यावर खिशातून सेफ्टी पिन काढून एकात खुपसली.

"ओ काका! टायर आहे तो, इंजेक्शन काय देताय!" दुकानदार ओरडला.

"आत पट्टी आहे म्हणतोस ना? पट्टी आहे का बघतोय."

"आहे ना! हा मधला घ्या, डोळे मिटून घ्या. आतमध्ये पट्टी आहे, खिळा सहज नाय घुसत. आणि वरून मधोमध प्लेन आहे, म्हणून पळतो पण मस्त. फक्त हवा टाइट पायजे. दर आठवड्याला हवा चेक करायची, नायतर चढावर जड जाणार."

झालं! मामांचे डोळे बारीक झाले. "दर आठवड्याला. म्हणजे दर आठवड्याला तुझ्याकडे यायचं, असंच ना?"

टायर घेतला, पण तो घेण्याआधी मामांच्या सोसायटीच्या पार्किंगच्या उतारावर चाचणी झाली. शेजाऱ्यांच्या जाड-बारीक टायरांच्या सायकली उसन्या घेऊन, पॅडल न मारता मी वरून खाली सुटायचं आणि जिथे थांबेन तिथे मामांनी खडूने रेघ मारायची. दुकानातल्यासारखाच मधला टायर असलेली सायकल चांगली गेटपर्यंत गेली, तर मामा म्हणाले, "तुम्ही मध्येच पुढे झुकलात." परत वरून. लोकांच्या मुलांसमोर माझी अब्रू गेली ती गेलीच, पण टायर ठरला. एक मात्र पक्कं, हवा भरायची नाही. दुकानदाराचा डाव होता तो! घरी जेवताना मी हे सगळं रंगवून सांगितलं, आणि सगळे पोट धरून हसले. मामी तेवढ्या नुसतं वाढत होत्या.

आणि काय आश्चर्य! रविवारमागून रविवार गेले, मामा पत्रीपूल बसल्या बसल्या चढत होते. पंक्चर नाही, उतरणं नाही. "बघितलंत? हवेला एकदा हात लावला नाही, तरी टायर कडक. खोटारडा लेकाचा!" असा फोन मला दर रविवारी यायचा. मग फोनचा सूर बदलला. एका रविवारी मामा हळूच म्हणाले, "जावईबापू, हवा कमी का होत नाहीये? कोणीतरी हवा भरतंय."

"अहो मामा, काढली तर गोष्ट वेगळी. भरली तर चांगलंच आहे की!"

"काढणाऱ्याचा हेतू तरी कळतो. भरणारा जास्त डेंजर."

पुढच्या शनिवारी ही आणि मी डोंबिवलीला मुक्कामाला. मामांनी कपड्यांची नीळ खोबरेल तेलात कालवली आणि झोपायच्या आधी मला साक्षीदार ठेवून ती व्हॉल्व्हच्या टोपीला आतून फासली. सकाळी उठल्यापासून हातांची तपासणी. वॉचमनचे बघितले, पेपरवाल्याचे बघितले, तळमजल्यावरच्या कुलकर्ण्यांचे शेकहँडच्या निमित्ताने बघितले. माझे तर दोनदा बघितले. सगळे स्वच्छ. मामा हिरमुसून टेबलाशी बसले, आणि मामींनी पुढ्यात उपम्याची बशी ठेवली. अंगठा आणि शेजारचं बोट, दोन्ही निळी.

मी बघितलं, हिने बघितलं, आणि मामांनी तर बघितलंच. आता उलटतपासणी होणार, माळ्यावरचा मुलांच्या वेळचा पंप खाली येणार, मामींचं काही खरं नाही! मामांनी उपम्याची बशी पुढे ओढली. मग म्हणाले, "आज माझे पांढरे सदरे काढलेस वाटतं धुवायला?"

"हो," मामी म्हणाल्या. "नीळ घातली."

उभ्या नोकरीत विनातिकीट प्रवाशाला कधी न सोडलेल्या माणसाने त्या दिवशी स्वतःच्या हाताने तिकीट फाडून दिलं, आणि खाली मान घालून उपमा संपवला.

स्वयंपाकघरात हिने मामींना गाठलंच. "अगं, मीच बोलून बसले ना, उतरलात तर सायकल बंद," मामी म्हणाल्या. "आता उतरले असते तर मला बंद करायला लागली असती. मग आक्कांना पेपर कोण वाचून दाखवणार? आणि यांना तरी दुसरं कोण आहे, यांचं म्हणणं खरं मानणारं?" रविवारी पहाटे दूध आणायला उतरायच्या तेव्हा पंप मारायच्या म्हणे. उजवा खांदा धरला होता त्यामुळे, पण बोलायची सोय नव्हती.

त्यानंतर मामांनी तपास बंद केला. "पुरावा नाही," एवढंच म्हणाले. पण दर शनिवारी दुपारी मामी आडव्या झाल्या की स्वतः खाली जाऊन हवा भरायला लागले, आणि पंप होता तसाच्या तसा माळ्यावर ठेवायला लागले. पूर्ण नाही हं भरत. पंपाचे शेवटचे थोडे दट्टे मामींसाठी शिल्लक ठेवायचे. "तिला कळता कामा नये," असं मला बजावून झालंय.

या पावसाळ्यानंतर आक्कांना त्यांच्या मुलाने नाशकाला नेलं. आता रविवारी मामा बाल्कनीत बसून पेपर मनातल्या मनात वाचतात, आणि बातम्या निमूटपणे खऱ्या धरतात. मला ते बघवत नाही. परवा गेलो तेव्हा सायकल जिन्याखाली होती. सीटवर धूळ. सवयीने टायरला अंगठा लावला, तर दगडासारखा कडक.

वर जाऊन बसलो. मामांनी पेपर खाली ठेवला. "जावईबापू, नाशकाच्या वाटेवरच्या कसारा घाटाला कुठला टायर चालेल हो?"

"घाटात उतरून ढकललीत तर सायकल भंगारात, सांगून ठेवते!" आतून आवाज आला. पाठोपाठ एका हातात ट्रे सावरत, दुसऱ्या हाताने उजवा खांदा दाबत मामी बाहेर आल्या. मामा झटकन उठले, ट्रे त्यांच्या हातातून घेतला, आणि त्यातला एक कप उचलून न हुंगताच प्यायला लागले.