काळ्या घोड्याची नाल आणि वाळूजचं मॅग्नेट

चहा खाली ठेवा आधी. हो, खालीच! मागच्या खेपेला हे सांगत होतो तर आमच्या मेव्हण्यानं फुर्रकन सगळा चहा माझ्या पांढऱ्या शर्टावर उडवला, आणि वर मलाच म्हणतो, "दाजी, चूक तुमचीय." खरंय बाबा. चूक माझीच. आयुष्यात लई गाढवपणा केला मी, पण देशाच्या विज्ञानाला आडवं जायचा योग एकदाच आला.

मी बी.ई. मेकॅनिकल आहे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं तुमचा विश्वास बसणार नाही.

वाळूजला अण्णांचं वर्कशॉप आहे, तिथं मी कामाला. अण्णा म्हणजे आमचे मालक. पैठणकडचे शेतकरी, पण जीव सगळा यंत्रात. वर्षानुवर्षं आम्ही काय बनवत आलो? मोटारसायकलचे स्टँड! "बाळासाहेब," अण्णा कधीकधी मला विचारायचे, "मरताना बी माझ्या डोळ्यापुढं स्टँडच येणार का रे?" मी आपला पुढचा स्टँड उचलायचो.

अशात एक काम चालून आलं. लांब एका सरकारी प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉनची रिंग आहे. म्हणजे काय, तर मोठ्ठी गोल नळी, आतली हवा पार काढून टाकलेली, आणि तिच्यात इलेक्ट्रॉन गरागरा पळतात. तासन् तास! वळणावर वळले की त्यांच्यातून लख्ख उजेड निघतो, आणि त्या उजेडात शास्त्रज्ञ लोक औषधाच्या कणापासून ज्वारीच्या दाण्यापर्यंत वाट्टेल त्याच्या आत डोकावतात. आता या इलेक्ट्रॉनांना वळवायचं आणि एका बारीक धारेत धरून ठेवायचं काम मॅग्नेटचं. रिंग झाली होती जुनी. उजेड आणखी प्रखर पाहिजे, तर धार आणखी बारीक पाहिजे, म्हणून मॅग्नेटं सगळी नवी बसवायची होती. त्यातलं नमुन्याचं एक आम्ही करून द्यायचं. पास झालं तर सगळं काम आमच्याकडं. नापास झालं तर पुन्हा स्टँड, आणि या खेपेला कायमचे.

"जमंल का रे?" अण्णांनी विचारलं.

"त्यात काय अण्णा! लोखंड कापायचं, तांब्याची वेटोळी घालायची, वीज सोडायची. डाव्या हाताचं काम!"

जिभेला हाड नसतं म्हणतात ते उगीच नाही.

आमचे फिटर रफीकभाई आणि मी, दोघं त्या मॅग्नेटवर तुटून पडलो. चार लोखंडी दात समोरासमोर, मधे भोक, त्या भोकातून इलेक्ट्रॉन जाणार. चूक किती चालते? एका केसाचे उभे तुकडे करा, त्यातला एक तुकडा उचला, तेवढी! रफीकभाईंनी घासून घासून दात असे केले की अण्णा त्यात बघून मिशा नीट करायचे.

मोजायचा दिवस आला. भोकातून एक दांडी फिरते, तिला बारीक तार गुंडाळलेली असते, आणि मॅग्नेटचा जोर कुठं वाकडा आहे ते कॉम्प्युटर सांगतो. मला कुठला धीर! वीज सोडली आणि त्याच मिनिटाला माप घेतलं.

वाकडं! जेवढं चालतं त्याच्या बाहेर.

अण्णांनी टोपीनं घाम पुसला. पुढच्याच आठवड्यात प्रयोगशाळेच्या मॅडम स्वतः तपासायला येणार होत्या. मी घरी आलो तो उतरलेलं तोंड घेऊन.

"अहो, रास कोणती तुमची?" आमची शोभा पोळी लाटता लाटता म्हणाली. "कुंभ ना? मग साडेसाती आहे. मॅग्नेट बिचारं काय करणार?"

हसा, हसा! पण बुडत्या माणसाला विचारून बघा. संध्याकाळी मी छावणी भागात एका ज्योतिष्याच्या पुढं हात पसरून बसलो होतो.

"काळ्या घोड्याची नाल," डोळे मिटून तो म्हणाला, "कामाच्या जागी ठेवा. पण आपोआप गळून पडलेली पाहिजे. उपटलेली चालत नाय."

आता काळा घोडा आणायचा कुठून? छावणीतल्या वरातीच्या घोड्या सगळ्या पांढऱ्याफेक! शेवटी हर्सूलला एक टांगेवाला सापडला. घोडा काळाकुट्ट, मागची नाल डुगडुगत होती. मी आपला रजा टाकून त्या घोड्याच्या मागं मागं फिरतोय. तो थांबला की मी थांबतोय, तो चालला की मी चालतोय. तिथल्या तळ्याला वळसा झाला, दुपार झाली. शेवटी टांगेवाल्यालाच दया आली. त्यानं घोड्याला एका दगडावरून असा नेला की नाल निघाली. "आपोआपच पडी ना साब?" तो म्हणाला. मी म्हटलं, "हौ, एकदम आपोआप."

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर नाल घेऊन मी टेबलाखाली शिरलो. वीज चालूच होती. मॅग्नेटच्या तोंडाजवळ कुठंतरी ठेवावी म्हणून हात नेला, तर काय सांगू! नाल माझ्या हातातून निसटली आणि टक्कन जाऊन तोंडाखालच्या पट्टीवर, वरून दिसणार नाही अशी चिकटली! अंगावर काटा आला माझ्या. म्हटलं, शनिदेवानं स्वतः ओढून घेतली!

चुंबकाला लोखंड चिकटलं, महाराज. आणि मी, बी.ई. मेकॅनिकल, डोळे पाणावून हात जोडले!

माप घेतलं. दुप्पट वाकडं.

मग जी काही पळापळ झाली! रफीकभाईंनी मॅग्नेट खोललं, पुसलं, घासलं, बंद केलं. तेवढ्या वेळापुरती नाल मी गुपचूप काढायचो आणि पुन्हा भक्तिभावानं जागेवर लावायचो. माप वाकडंच! लाईटीचा दाब कमी पडतोय म्हणून तारा बदलल्या. बाहेरच्या ट्रकांनी जमीन हलतीय म्हणून अण्णा स्वतः रस्त्यात उभे राहून ट्रक अडवायला लागले. "साब, इसकू नजर लगी," रफीकभाई म्हणाले. मी मनात म्हटलं, नालेनं एवढं तरी सावरून धरलंय, नाहीतर काय झालं असतं! घरी शोभाजवळ मात्र बोलून गेलो, एक नाल पुरंना.

आणि एक नवीनच सुरू झालं. मापताना मला मॅग्नेटच्या तोंडाला पोट टेकवून उभं राहावं लागायचं. तसं उभं राहिलं की पोटात ओढल्यासारखं व्हायचं. म्हटलं, ॲसिडिटी. काळजीनं होतंच की. सोडा प्यायला लागलो. मला रात्रंदिवस एकच दिसत होतं, अण्णांचा न उघडलेला जेवणाचा डबा. माझ्या शब्दावर विसंबून त्या माणसानं हे काम घेतलं होतं. रडू यायचं हो, खरंच.

आणि मॅडम आल्या. वयानं लहान, बोलणं कमी. त्यांनी आपली दांडी बसवली, वीज सोडली आणि शांत बसून राहिल्या.

"मॅडम, माप?" मी म्हटलं.

"तापू द्या आधी. थंड मॅग्नेट कधी खरं सांगत नाही."

म्हणजे पहिल्या दिवशीचं ते माप नुसत्या माझ्या घाईचं! तेव्हा दोष असा काही नव्हताच!

मॅग्नेट तापलं. मी तोंडाशी उभा राहिलो, माप झालं. वाकडं ते वाकडंच. अण्णा स्टुलावर मटकन बसले. "जाऊ द्या मॅडम," ते म्हणाले, "आमची लायकी स्टँडचीच." तो आवाज अजून माझ्या कानात आहे.

मॅडमच्या भुवया आक्रसल्या. "जवळपास कुठं सुटं लोखंड आहे का? एवढंसं जरी असलं तरी माप बिघडतं."

"छे छे!" अण्णा म्हणाले. "मॅग्नेटपाशी आम्ही खिळा ठेवत नाय. विचारा बाळासाहेबांना."

"नाही मॅडम," मी ठणकावून म्हणालो. आणि म्हणता म्हणता डोक्यात लख्ख उजेड पडला. अरे देवा! नाल!

काय करू? सांगावं तर अब्रू जाते, न सांगावं तर अण्णा जातात. "पेन पडलं वाटतं," असं पुटपुटून मी टेबलाखाली घुसलो आणि नाल धरून ओढली. निघंना! वीज चालू होती ना. दोन्ही हातांनी धरली, पाय टेबलाला लावले, आणि दात-ओठ खात जोर लावला. सगळं अंग थरथरायला लागलं.

तेवढ्यात रफीकभाई वाकले. त्यांना काय दिसलं? साहेब मॅग्नेटला चिकटलेत आणि थडथड उडतायत!

"करंट! साब चिपक गए! मेन बंद करो!"

आणि लाकडी फळी घेऊन त्या देवमाणसानं मला हाणायला सुरुवात केली. शॉक लागलेल्याला लाकडानं सोडवतात ना! अण्णांनी मेन स्विच पाडला. वीज गेली, नाल सुटली, आणि मी नालेसकट कोलांटी खाऊन थेट मॅडमच्या पायाशी आलो.

"हे काय?" अण्णा म्हणाले.

"नाल."

"कशाची?"

"काळ्या घोड्याची."

"मॅग्नेटला?"

"साडेसाती..." एवढंच माझ्या तोंडून निघालं.

मॅडम हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं! "पुन्हा चालू करा," म्हणाल्या. परत तापू दिलं, मी परत तोंडाशी उभा राहिलो, माप घेतलं. चूक निम्मी उतरली. पण निम्मी राहिली की हो!

मॅडमनी वीज बंद करवली आणि पर्समधून छोटं होकायंत्र काढलं. टेबलाभोवती फिरवलं, काही नाही. माझ्याजवळ आल्या तर सुई गर्रकन माझ्याकडं वळली. मी डावीकडं सरकलो, सुई डावीकडं. मी मागं गेलो, सुई मागं. रफीकभाई "या अल्लाह" म्हणत दोन पावलं लांब झाले.

"पट्टा काढा," मॅडम म्हणाल्या. काढला. किल्ल्या काढल्या. सुई आपली माझ्या पोटाकडंच. पँटीची कंबरपट्टी चाचपून बघितली तर आत काहीतरी कडक लागलं. घरी फोन लावला. स्पीकर चालू आहे हे घाबरेपणी कळलंच नाही.

"शोभा, माझ्या पँटीत काय शिवलंयस?"

"सापडलं व्हय?" आमची बायको खुशीत म्हणाली. "नालेचा तुकडा हाय. एक नाल पुरंना म्हणाला होतात ना? मग तुमच्या समद्या पँटीत एकेक शिवून टाकला! गुण आला का?"

तर ती ॲसिडिटी ही होती!

"तुम्ही बाहेर जाऊन उभे राहा," मॅडम म्हणाल्या. "लांब. गेटच्या पलीकडं."

मी गेटच्या पलीकडं उन्हात उभा राहिलो, एका हातात पट्टा, दुसऱ्या हातानं पँट सावरत. किती वेळ गेला देव जाणे. आणि आतून टाळ्या ऐकू आल्या. मग अण्णांचा आवाज आला. तो माणूस लहान पोरासारखा रडत होता. मॅग्नेट पास झालं होतं. मीही बाहेर उभा राहून रडलो. आत कुणी बोलावलंच नाही!

काम सगळं आम्हाला मिळालं. रफीकभाईंनी ओळीनं मॅग्नेटं घासली. माप घ्यायचा दिवस आला की अण्णा मला हात जोडून म्हणायचे, "बाळासाहेब, आज घरी बसा. भरपगारी." घरी शोभा म्हणायची, "बघा! बसून पगार! नालेचा गुण नाय तर काय?"

आता ती मॅग्नेटं रिंगमध्ये बसलीत, त्यांच्यातून इलेक्ट्रॉन मुकाट बारीक धारेत पळतात. लोक मला कौतुकानं विचारतात, "एवढ्या मोठ्या कामात तुमचा वाटा काय हो?"

"सगळ्यात मोठा," मी सांगतो. "मी गैरहजर होतो."